सतरा वर्षांचा मुंजा आणि त्रेचाळीस वर्षांची मी



आज मला ‘माझ्या आवडीचं पुस्तक’ असा विषय दिला आहे. या विषयावर बाई बोलायला बसली की बहुतेक ‘श्यामची आई’ सांगते, नाहीतर बहिणाबाई सांगते. मलाही ती आवडतात. पण गेल्या दोन वर्षांत ज्या पुस्तकांपायी मी रात्री जागवल्या ती वेगळीच आहेत. ती रक्त पिणाऱ्या एका पोराची आहेत. इंग्रजीत आहेत, चार भागांत आहेत, आणि लिहिलेली आहेत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींसाठी. माझं वय त्रेचाळीस. मी पैठण तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते, बचत गटाचा हिशेब लिहिते, आणि लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बी. ए. झालेली आहे. एवढी ओळख पुरे.

पुस्तकांचं नाव ‘ट्वायलाइट’. म्हणजे तिन्हीसांजा म्हणा. पहिला भाग २००५ साली आला, चौथा २००८ साली. लिहिणारी बाई स्टेफनी मेयर, अमेरिकेतली, तीन लहान पोरांची आई. २ जून २००३ च्या पहाटे तिला एक स्वप्न पडलं, कुरणात बोलत उभे असलेले एक पोरगी आणि एक पोरगा. पोरांचं खाणंपिणं उरकून तिनं ते लिहायला घेतलं आणि तीनेक महिन्यांत पहिलं पुस्तक पुरं केलं. पुढं या पुस्तकांच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. मला त्या आकड्यापेक्षा ते ‘पोरांचं उरकून’ जास्त कळतं.

गोष्ट अशी. बेला नावाची सतरा वर्षांची पोरगी. आईबाप वेगळे झालेले. ती बापाकडं राहायला येते, फोर्क्स नावाच्या लहानशा गावात. बाप तिथला पोलिसांचा प्रमुख. गाव असं की बारा महिने आभाळ भरलेलं आणि पाऊस चालू. आपल्या पैठण तालुक्यातल्या माणसाला हे वाचून आधी हेवाच वाटतो, भीती नंतर वाटते. शाळेत तिला एडवर्ड भेटतो. देखणा, पांढराफटक, हात बर्फासारखे गार, डबा कधी खात नाही. तो रक्तपिपासू. पण त्याच्या घराण्यानं माणसाचं रक्त सोडलेलं आहे, जनावरांच्या रक्तावर भागवतात आणि स्वतःला गमतीनं शाकाहारी म्हणवतात! हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या माळकरी आजी म्हणाल्या, “असल्या शाकाहाराला आग लागो.”

आता हे पात्र मला परकं का वाटलं नाही ते सांगते. एडवर्डचा जन्म १९०१ चा. १९१८ साली जगभर फ्लूची साथ आली, तिच्यात तो सतराव्या वर्षी मरायला टेकला. एका डॉक्टरनं त्याला आपल्यासारखं करून घेतलं आणि तो कायमचा सतराचाच राहिला. ती साथ म्हणजे आपल्याकडची मानमोडी. तुमच्या घरात जुनं माणूस असेल तर विचारा, पणजी-पणजोबाच्या आठवणीत मानमोडी निघेल. एकट्या हिंदुस्थानात कोटीहून जास्त माणसं गेली होती तिच्यात. आणि मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, म्हणून पिंपळावर अडकून बसला, असा पोरगा आपल्याकडं कोण? मुंजा! पिंपळाखालून संध्याकाळी जाऊ नको, असं आपल्याला लहानपणी बजावलेलं असतं. २०२४ साली त्याच्यावर ‘मुंज्या’ नावाचा हिंदी सिनेमाही येऊन गेला. मला तर पन्नासेक पानांतच वाटलं की हा अमेरिकेतला मुंजा आहे, फक्त याला पिंपळाऐवजी चांदीच्या रंगाची मोटार दिलेली आहे.

पुस्तक घरात आलं ते लेकीमुळं. ती पैठणला कॉलेजात जाते, तिच्या मैत्रिणीकडून आणलं. आधी ती वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मग एसटीच्या वेळा, परीक्षा, तिला सवड होईना आणि मला दम निघेना. तेव्हा मी स्वतःच घेऊन बसले. मोबाइलमध्ये शब्दकोश, मांडीवर पुस्तक. पहिल्या दिवशी दीड पान झालं. पण पोरींसाठी लिहिलेलं असल्यामुळं वाक्यं सोपी असतात, तेच तेच शब्द पुन्हा येतात. दुसऱ्या भागापर्यंत मी शब्दकोश कमी वेळा उघडायला लागले. कॉलेजातली माझी इंग्रजीची पुस्तकं मी गाईड पाठ करून पास केलेली होती. आख्खं इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं ते हेच पहिलं.

वेळ कुठला, असं विचाराल. हिवाळ्यात आमच्याकडं शेतातल्या मोटारीची लाईट पाळीपाळीनं रात्री असते. गव्हाला पाणी द्यायला हे रात्री अकरा-बाराला बॅटरी घेऊन जातात. गडी माणूस अंधारात, पाटात साप असायचा, हल्ली बिबट्याच्याही बातम्या असतात. झोप कशी लागणार? ते परत येईपर्यंत मी जागीच. पूर्वी त्या वेळात मी नुसती काळजी करायची. आता काळजी आणि पुस्तक. बाहेर कुत्रं भुंकलं की अंगावर काटा यायचा, आणि कळायचं नाही की तो बिबट्याचा आहे का एडवर्डचा! भीतीची पण एक चव असते. तिखटासारखी. जीभ पोळते तरी हात पुन्हा ठेच्याकडं जातो.

लोक बोललेच. “पोरीटोरींचं पुस्तक काय वाचती?” पण हे माझ्या एकटीचं नाही. २०१२ साली अमेरिकेत एक पाहणी झाली, तिच्यात दिसलं की बारा ते सतरा वयासाठी छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के अठराच्या पुढचे होते, आणि त्यातले बरेचसे पोरांसाठी नाही तर स्वतःसाठी घेत होते. या पुस्तकांच्या वाचक आयांना तर तिकडं ‘ट्वायलाइट मॉम्स’ असं नावच पडलं होतं. मला वाटतं, पंधरा-सोळाव्या वर्षी जे वाचायचं ते त्या वर्षी ज्यांना मिळालं त्यांना मोठेपणी त्याची ओढ कमी असेल. आपल्यातल्या बहुतेकजणी त्या वयात काय करत होतो? मी धुण्याला जात होते आणि धाकट्या भावंडांना सांभाळत होते. ते वय मी आत्ता वाचून घेतलं.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय आवडलं? रक्त नाही. मोटारीचा अपघात तो नुसत्या हातांनी थांबवतो, ते पण नाही. पहिल्या भागात एक जागा आहे. एडवर्ड दिवसभर बेलाला प्रश्नच विचारतो. तुला कोणता रंग आवडतो, कोणती पुस्तकं वाचतेस, आधीचं गाव कसं होतं. एक संपला की दुसरा, आणि ती सांगते ते नीट ऐकून घेतो. बस, एवढंच. ही जागा मी तीनदा वाचली.

गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगायला लागले होते. हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या, की पंधरा मिनिटं. त्या दिवशी मी हा प्रसंग सांगितला आणि सहज म्हटलं, माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझा आवडता रंग कुणी विचारला नाही. बायका गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, “मोरपंखी.” कुणी काही विचारलं नव्हतं, तिनं आपलं सांगितलं. दुसरी म्हणाली, “मला डाळिंबी, पण मालकाला भडक चालत नाही.” असं करत करत बाराही जणींनी सांगितलं. एक विधवा बाई आहे आमच्यात, ती शेवटी बोलली. तिनं लाल सांगितला.

घरी येऊन मी यांना विचारलं, तुम्हाला कोणता आवडतो. ते म्हणाले, “आज काय झालं तुला?” आणि जेवण झाल्यावर, अंथरुणावर पडल्यावर म्हणाले, “आकाशी.” हेही मला चोवीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

आता जरा पैठणकडं वळते, कारण रक्त आणि भुतांच्या गोष्टी परदेशातून आल्या असं कुणी म्हणू नये. नाथमहाराजांच्या भारुडात भूत आहेच. पण त्याच्याही फार आधीची कथा आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्यात ती येते. आपल्या पैठणचं नाव तेव्हा प्रतिष्ठान. सातवाहन राजा एकदा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी म्हणाली, “मोदकैः”, म्हणजे मा उदकैः, मला पाणी मारू नका. राजाला संस्कृताचा संधी सुटला नाही, त्यानं ताटभर मोदक मागवले! राणी हसली, राजाला लाज वाटली, आणि मला व्याकरण शिकवा म्हणून तो हटून बसला. गुणाढ्य नावाचा प्रधान म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. पैज लागली. गुणाढ्य हरला आणि पैजेप्रमाणं त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली, तिन्ही सोडल्या. उरली फक्त पैशाची, पिशाचांची भाषा. रानात जाऊन त्यानं त्या भाषेत सात लाख श्लोकांच्या गोष्टी लिहिल्या. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानं.

राजाकडं पोथी पाठवली, तर त्यानं नाक मुरडून परत केली. भाषा भुताची आणि अक्षरं रक्ताची. मग गुणाढ्यानं आग पेटवली आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकायला लागला. रानातली जनावरं चरायचं सोडून भोवती उभी राहिली, डोळ्यांतून पाणी काढत ऐकत राहिली. ती वाळली, राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागलं, तेव्हा कुठं चौकशी झाली. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही कथाच आहे, इतिहास म्हणून सांगत नाही. पण हलक्या समजल्या जाणाऱ्या गोष्टी कोण जाळायला लावतं आणि कोण चारा सोडून ऐकतं, हे माझ्या मनात बसून राहिलं.

त्याच ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. आपण त्या ‘चांदोबा’त वाचल्या, १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ पाहिलं. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजानं १८७० साली त्यातल्या काही गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळासाठी त्यानं ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द घातला. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७ साली आला. तसं बघितलं तर वेताळ रक्तासाठी नावाजलेला नाही, तो प्रेतात शिरतो आणि प्रश्न विचारतो. मला विचाराल तर ते जास्त धोक्याचं.

त्यातला एक प्रश्न मी बैठकीत टाकला. मंदारवती नावाची पोरगी, तिला तीन मागण्या. बापाला ठरवता येईना. तेवढ्यात ती तापानं गेली. एकजण तिच्या राखेवर झोपून राहिला. दुसरा अस्थी घेऊन गंगेला गेला. तिसरा फिरत राहिला आणि मेलेल्याला उठवायचा मंत्र शिकून आला. ती उठली, आणि तिघं भांडायला लागले, बायको कुणाची? विक्रम राजा म्हणतो, जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या तो पोरगा झाला, राखेवर झोपला तोच नवरा. आमच्यात दोन तट पडले. अर्ध्या जणी म्हणाल्या, मंत्रवाल्याचीच. मग आमच्यातली सगळ्यात धाकटी, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली सून हळूच म्हणाली, “तिला विचारलं का कुणी?”

वेताळानंही विचारलेलं नाही. मी पुन्हा वाचून बघितलं.

‘ट्वायलाइट’मध्ये निदान बेलाला तोंड आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती एडवर्डच्या घरच्यांना एकत्र बसवते आणि ‘मला तुमच्यासारखं करून घ्या की नको’ यावर त्यांचं मत घेते. आपल्या ग्रामसभेसारखं. आणि एक गंमत ऐका. एडवर्ड अट घालतो की आधी माझ्याशी लग्न कर. तर बेला दचकते! रक्त पिणाऱ्याच्या घरात राहायला तयार, मरायला तयार, पण लग्न म्हटलं की हिच्या पोटात गोळा. कारण आईनं शाळा संपल्या संपल्या लग्न केलं, ते मोडलं, आणि ‘लवकर लग्न करू नको’ हे तिनं लेकीला लहानपणापासून शिकवलेलं. भुताची नाही, लग्नाची भीती! हे सांगितलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की शेजारच्या घरातली मंडळी बघायला आली. हसणं थांबल्यावर त्यातलीच एकजण म्हणाली की तिचं लग्न झालं तेव्हा ती पंधराची होती आणि मांडवात तिला झोप आलेली होती.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. एडवर्ड रात्री खिडकीतून येऊन बेला झोपलेली असताना तिला बघत बसतो, तिला पत्ता नसताना. माझ्या लेकीला हे फार प्रेमाचं वाटलं. माळकरी आजी म्हणाल्या, “पायताणानं हाणला असता.” तिसऱ्या भागात तर तिनं आपल्या मित्राकडं, जेकबकडं जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. बहिणीला लाच देऊन तिच्यावर पहारा ठेवतो. हे वाचताना सोळा वर्षांच्या पोरीला दिसतं की याचा किती जीव आहे. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला दिसते सायकलची काढून घेतलेली किल्ली. मोबाइल काढून घेतलेला. “माहेरी कशाला जायचं सारखं सारखं?” हे आपण बघितलेलं आहे. मोठ्या वयात वाचण्याचा हाच फायदा, की गोडी पण लागते आणि आतला खडाही दाताला लागतो.

लेकीशी मी यावर भांडले नाही. एका रात्री ज्वारी निवडता निवडता तिला विचारलं, “तुझ्या गाडीचं इंजिन कुणी असं उघडलं तर?” ती म्हणाली, “आई, ती गोष्ट आहे.” मी म्हटलं, “ठीक.” दाणे निवडून होईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “पण पुढं तो स्वतःच थांबतो गं. म्हणतो, तू ठरव.” तिचं खरं होतं, तो पुढं तसं म्हणतो. मग ती म्हणाली, “आणि कॉलेजातला कुणी असा वागला तर मी तुला सांगेन.” अशा विषयावर आमचं याआधी कधी बोलणं झालेलं नव्हतं. थेट विचारलं असतं तर ती उठून गेली असती. मधे एडवर्ड होता म्हणून जमलं.

तिच्या लग्नाचं बोलणं पाहुण्यांकडून दोनदा येऊन गेलंय. अठरा पूर्ण नाहीत म्हणून मी दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि अठरा झाल्यावरही आधी तिला विचारणार आहे. यांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा पाहुण्याला “पोरगी शिकतीय” असं तेच म्हणाले.

आणखी एक विषय, थोडक्यात. बैठकीत कुणीतरी म्हणालं की असल्या गोष्टी ऐकून पोरीबाळींना लागीर होईल. आपण मराठवाड्यातल्या बाया आहोत, भानामतीच्या नावानं काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे. बाईलाच धरून मारलं, चेटकीण ठरवलं. त्यासाठी २०१३ पासून राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. पुस्तकातलं भूत पान मिटलं की मिटतं. ज्याचं भूत मिटत नाही, पैसे आणि कोंबडं मागतं, त्याच्याकडं पोलिसांना पाठवायचं.

इंग्रजी येत नाही म्हणून थांबू नका. मराठीत नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आहेत. धारपांची ‘लुचाई’ ही रक्तपिपासूंचीच कादंबरी, स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाच्या पुस्तकावर बेतलेली, आणि ती पोरींसाठी बिलकूल नाही, दाराला कडी घालून वाचा. २०१८ चा ‘तुंबाड’ सिनेमा पाहिला असेल, तोही धारपांच्याच कथेवरून सुचलेला. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. १९६७ च्या कायद्याप्रमाणं राज्यात अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, मोठ्या गावात एखादं असतंच. शहरात गेलात तर निजामाच्या काळापासूनचं बलवंत वाचनालय आहे. आत जाऊन भुताचं पुस्तक मागायला लाजू नका. मी पहिल्यांदा मागितलं तेव्हा तिथल्या माणसानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “मुलीसाठी का?” मी म्हटलं, “नाही, मला.”

चौथ्या भागात काय होतं ते आज सांगत नाही, कारण आमच्या गटातल्या बायका हे ऐकत असणार. आम्ही तिसऱ्या भागाच्या मध्यावर आहोत. सातजणी जेकबच्या बाजूच्या आहेत, चौघी एडवर्डच्या, आणि आजी म्हणतात दोघांनाही घालवून द्या, पोरीला शिकू द्या. बैठक दहा तारखेला आहे. आधी हप्ते, मग गोष्ट, हा नियम आजींनीच घालून दिलाय, आणि तेव्हापासून हप्ता घेऊन उशिरा कुणी येत नाही.